फोनमधल्या ॲप्सची घडी कशी बसवावी: पहिल्यांदाच मांडणी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

नवा फोन हाती आला की पहिल्या काही आठवड्यांतच त्यावर ॲप्सची गर्दी होते. काही कोणीतरी सुचवलेली असतात, काही एखाद्या कामापुरती घेतलेली असतात, तर कित्येक फोनबरोबरच आलेली असतात. मग साधे टिपण लिहायचे असले तरी दोन-तीन स्क्रीन सरकवाव्या लागतात, वाटेत एखाद्या चिन्हावरचा लाल आकडा दिसतो, बोट तिकडे वळते आणि फोन कशासाठी उचलला होता तेच लक्षातून निसटते. मी स्वतः वापरत असलेली मांडणीची पद्धत येथे क्रमाने देत आहे. ॲप्सची रचना त्यांच्या प्रकारावरून न करता आपल्या कामांवरून करावी, आणि फोन उघडल्यावर समोर तेच दिसावे जे उघडायचे आपण शांतपणे आधी ठरवले आहे, एवढेच तिचे सूत्र आहे.

ही पद्धत अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते. सेटिंग्जमधली नावे मात्र फोनच्या कंपनीनुसार आणि आवृत्तीनुसार थोडी बदलतात. एखादा पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत त्याचे नाव लिहून पाहावे. बहुधा तो तेथे मिळतो.

सुरुवातीपूर्वी हाताशी काय असावे

– पूर्ण चार्ज केलेला फोन आणि खात्रीचे इंटरनेट.
– कागद आणि पेन. यादी फोनवरच करायला घेतली तर लक्ष विचलित होण्याची शक्यता फार असते.
– फोनच्या मुख्य खात्याचा, म्हणजे गूगल किंवा ॲपल खात्याचा, पासवर्ड. त्या खात्यात नोंदवलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल आजही चालू आहेत ना, हेही पाहून घ्यावे.
– सध्याच्या प्रत्येक होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट. मांडणी बिघडली तर मूळ रूप डोळ्यांसमोर राहते.
– दोनेक तासांचा सलग वेळ. हे काम तुकड्यातुकड्याने केले की अर्धवट राहते, आणि अर्धवट मांडणी जुन्या गर्दीपेक्षा अधिक त्रास देते.

१. आधी कामांची यादी करा, मग ॲप्सची

कागदाच्या डाव्या बाजूला फोनवर तुम्ही खरोखर करता ती कामे लिहा. लिहिताना क्रियापदे वापरा: निरोप पाठवणे, रस्ता शोधणे, पैसे देणे, भेटीची वेळ पाहणे, टिपण करणे, ऐकणे, वाचणे, फोटो काढणे. प्रत्येकापुढे ते काम दिवसाच्या कोणत्या भागात पडते तेही लिहा; आठव्या पायरीत ही नोंद उपयोगी पडेल. बहुतेकांच्या यादीत पंधरा-वीसपेक्षा जास्त कामे निघत नाहीत.

आता फोनमधली सर्व ॲप्स पाहा. अँड्रॉइडवर होम स्क्रीनवर बोट खालून वर सरकवले की बहुतेक फोनांत संपूर्ण यादी उघडते. आयफोनवर २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून ॲप लायब्ररी आहे. ती शेवटच्या होम स्क्रीनच्या पुढे असते. प्रत्येक ॲप कागदावरच्या कोणत्या कामासाठी आहे ते ठरवा आणि त्या कामापुढे त्याचे नाव लिहा. ज्या ॲपला कागदावर जागा मिळाली नाही, त्याला फोनमध्येही बहुधा जागा नको.

आठवणीवर फार विसंबू नका. कोणते ॲप किती वापरले जाते याचा हिशेब फोन ठेवतच असतो: अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमध्ये आणि आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये. ही दोन्ही साधने २०१८ मध्ये आली. आयफोनच्या स्टोरेजच्या यादीत प्रत्येक ॲप शेवटचे कधी वापरले ते दिसते, तर प्ले स्टोअरच्या ॲप व्यवस्थापनात यादी सर्वांत कमी वापराच्या क्रमाने लावता येते. स्क्रीन टाइममधली आणखी एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते: फोन उचलल्यावर सर्वांत आधी कोणते ॲप उघडले गेले. त्या यादीत वरच्या क्रमांकावर असलेले ॲप तुमच्या कागदावर नसेल, तर ते गरजेने उघडले जात नाही, सवयीने उघडले जाते, असे खुशाल समजावे.

२. नको असलेली ॲप्स काढा, पण या सापळ्यांकडे पाहून

ॲप काढणे हे एका क्षणाचे काम आहे आणि म्हणूनच नवखी माणसे येथे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात. काढण्यापूर्वी चार गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट वर्गणीची. ॲप फोनमधून काढल्याने त्याची वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधल्या तुमच्या खात्यात वर्गण्यांचा स्वतंत्र विभाग असतो. तेथे जाऊन ती आधी रद्द करा आणि मग ॲप काढा. वर्गणी थेट त्या सेवेच्या संकेतस्थळावर घेतली असेल तर ती तेथेच रद्द करावी लागते.

दुसरी गोष्ट खात्याची. ॲप गेले तरी तुमचे खाते आणि त्यातली माहिती त्या सेवेच्या सर्व्हरवर तशीच राहते. सेवा कायमची सोडायची असेल तर ॲप काढण्यापूर्वी त्याच्या सेटिंग्जमधून खाते हटवा. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यातच ते हटवण्याचीही सोय असली पाहिजे, असा ॲपलचा नियम २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे आयफोनवर हा पर्याय सहसा सापडतोच.

तिसरी गोष्ट ज्या ॲप्सचा डेटा फक्त फोनमध्ये असतो त्यांची. आवाजाच्या नोंदी, काही टिपणवह्या, सिग्नलसारख्या संदेशसेवांचा इतिहास, या गोष्टी आपोआप कोठेतरी साठवल्या जात असतील असे गृहीत धरू नका. ॲपमध्ये निर्यात किंवा बॅकअपचा पर्याय शोधा, तयार झालेली फाईल दुसऱ्या ठिकाणी ठेवा, ती उघडून पाहा आणि त्यानंतरच ॲप काढा.

चौथी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे लॉगिनचे सहा अंकी कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप. ते काढले आणि त्यातल्या नोंदी आधी दुसरीकडे नेलेल्या नसल्या, तर ज्या खात्यांना त्याचे कुलूप आहे ती सर्व खाती एकदम बंद होऊ शकतात. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी जोडून नोंदी साठवण्याची सोय २०२३ मध्ये आली, पण ती तुम्ही चालू केली आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या ॲपला हात लावू नका.

ज्यांच्याविषयी मन निश्चित होत नाही अशा ॲप्ससाठी मधला मार्ग आहे. आयफोनवर ॲप ऑफलोड करता येते: ॲप जाते, पण त्यातली कागदपत्रे आणि डेटा राहतो, आणि ॲप पुन्हा घेतले की सर्व जागच्या जागी मिळते. अँड्रॉइडवर अशाच प्रकारे ॲप आर्काइव्ह करता येते. फोनबरोबर आलेली काही ॲप्स काढता येत नाहीत. त्यांना निष्क्रिय करण्याचा पर्याय असेल तर तो वापरा, नसेल तर होम स्क्रीनवरून हटवून त्यांना विसरून जा.

मेमरी साफ करणारी किंवा फोनचा वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी ॲप्स मात्र निःशंकपणे काढून टाका. मेमरीची व्यवस्था फोनची प्रणाली स्वतः पाहते. चालू ॲप्स सतत बोटाने सरकवून बंद करण्यानेही फारसे काही साधत नाही. उलट तेच ॲप पुन्हा उघडताना सर्व नव्याने सुरू करावे लागल्यामुळे बॅटरी अधिक खर्च होऊ शकते.

३. एका कामाला एकच ॲप ठेवा

माझ्या मते सर्व मांडणीचा पाया हा आहे. टिपणे दोन ॲप्समध्ये विभागली गेली की कोणते टिपण कोठे आहे हे आठवावे लागते, आणि जे आठवावे लागते ते टिपून ठेवल्याचा उपयोग काय? म्हणून कागदावरच्या ज्या कामापुढे दोन किंवा तीन नावे आली असतील तेथे एक निवडा. निवडताना मी तीन प्रश्न विचारते. इंटरनेट नसताना हे ॲप चालते का? यातली माहिती साध्या, इतरत्र उघडता येणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येते का? आणि फोन बदलल्यावर, विशेषतः अँड्रॉइडवरून आयफोनकडे किंवा उलट जाताना, ते बरोबर येते का?

दुसरा प्रश्न नवख्यांना अनावश्यक वाटतो, पण सेवा बंद पडतात, मोठ्या कंपन्यांच्यासुद्धा. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाले. नंतर वाचण्यासाठी लेख साठवून देणारी मोझिलाची पॉकेट ही सेवा जुलै २०२५ मध्ये थांबली. ज्यांना आपल्या याद्या वेळेत फाईलरूपाने बाहेर काढता आल्या, त्यांचे काम दुसऱ्या ॲपमध्ये पुढे चालू राहिले.

माझी निवड पुढे देत आहे. ती जशीच्या तशी उचलावी असा आग्रह नाही. निवडीमागचे कारण पाहावे.

टिपणांसाठी मी जॉपलिन वापरते. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, टिपणे साध्या मजकुराच्या जवळ जाणाऱ्या मार्कडाउन स्वरूपात ठेवते, सर्व काही इंटरनेटविना उघडते, आणि टिपणांची प्रत कोणत्या साठवणसेवेवर ठेवायची हे मला ठरवता येते. केवळ चार ओळी लिहून ठेवायच्या असतील तर गूगल कीप किंवा आयफोनचे नोट्स पुरेसे आहे. मोठे साधन घेतले म्हणून टिपणे चांगली होत नाहीत.

वेळ ठरलेल्या गोष्टी कॅलेंडरमध्ये आणि वेळ न ठरलेली कामे कामांच्या यादीत, हा भेद काटेकोरपणे पाळा. गूगल कॅलेंडर आणि गूगल टास्क्स, किंवा आयफोनवरचे कॅलेंडर आणि रिमाइंडर्स, या जोड्या त्यासाठी पुरतात. जी कामे केव्हाही चालतील ती कॅलेंडरमध्ये कोंबली की ती दररोज पुढे ढकलली जातात, आणि मग खरोखरच वेळेची असलेली नोंदसुद्धा तितकीच हलकी वाटू लागते.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन. ते दोन्ही प्रकारच्या फोनांवर आणि संगणकावर चालते. केवळ ॲपलचीच उपकरणे असतील तर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आलेले पासवर्ड्स हे ॲपही चांगले आहे. लॉगिनच्या कोडसाठी अँड्रॉइडवर एजिस हे ऑथेंटिकेटर ॲप मला आवडते, कारण त्यातून कुलूपबंद बॅकअप फाईल काढता येते. ऐकण्यासाठी अँड्रॉइडवर अँटेनापॉड आहे. त्यातली वाहिन्यांची यादी ओपीएमएल या सामायिक स्वरूपाच्या फाईलमध्ये निघते आणि तीच फाईल इतर बहुतेक पॉडकास्ट ॲप्स वाचू शकतात. कोणतीही चित्रफीत उघडण्यासाठी व्हीएलसी. मराठीत लिहिण्यासाठी जीबोर्ड; त्यात देवनागरी कळफलक आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय दोन्ही आहेत.

रस्ता शोधण्याच्या कामाला मात्र मी दोन ॲप्स ठेवते आणि हा अपवाद समजून केलेला आहे. रोजच्या वापरासाठी गूगल मॅप्स आहे, कारण त्यात वाहतुकीची ताजी माहिती असते. जेथे इंटरनेट मिळण्याची खात्री नाही तेथे ऑरगॅनिक मॅप्स, जे ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या खुल्या प्रकल्पाचे नकाशे फोनमध्येच उतरवून ठेवते. दोन्हींचे काम वरवर एक दिसते, पण परिस्थिती वेगळी आहे. असा स्पष्ट भेद सांगता येत असेल तरच दुसरे ॲप ठेवा. ‘असू द्या, कधीतरी लागेल’ हा भेद नव्हे.

जुन्या ॲपमधून नव्यात येताना सर्व सामग्री हलवण्याच्या मागे लागू नका. ठरवलेल्या दिवसापासून नवी नोंद नव्या ॲपमध्येच करा. जुने ॲप काही काळ वाचण्यापुरते राहू द्या. त्यातले जे पुन्हा लागते तेच उचलून आणा. काही महिन्यांनी जुन्या ॲपमधून निर्यात फाईल काढा आणि ते बंद करा.

४. पहिली स्क्रीन: जे आपण बोलावतो तेच येथे

पहिल्या स्क्रीनवर कोणती ॲप्स असावीत यासाठी माझी कसोटी अशी आहे की, ॲप उघडण्यापूर्वीच मला त्यात काय करायचे ते माहीत असले पाहिजे आणि ते झाले की बाहेर पडता आले पाहिजे. कॅलेंडर, टिपणवही, कामांची यादी, कॅमेरा, नकाशा, पैसे देण्याचे ॲप, फोन, संदेश ही त्या कसोटीवर उतरतात. ज्यांना तळ नाही, म्हणजे बोट सरकवत राहिले की नवे काहीतरी येतच राहते, अशी ॲप्स येथे नकोत, ती कितीही आवडती असली तरी. त्यांना फोनमधून काढण्याची गरज नाही. त्यांना फक्त नाव लिहून शोधावे लागले पाहिजे. तेवढ्या दोन-तीन क्षणांत आपण ते खरोखर उघडू इच्छितो का, हा प्रश्न मनात येऊन जातो आणि पुष्कळदा तेवढा पुरतो.

तळाची पट्टी सर्वांत मोलाची आहे, कारण ती प्रत्येक होम स्क्रीनवर दिसते. आयफोनवर तीत चार चिन्हे मावतात. येथे जी ॲप्स घाईत आणि एका हाताने उघडावी लागतात तीच ठेवा. उजव्या हाताने फोन धरणाऱ्यांनी सर्वांत जास्त लागणारे चिन्ह उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवून पाहावे. डावखुऱ्यांनी त्याच्या उलट करावे.

एक छोटी पण महत्त्वाची सेटिंग लगेच बदला. नवे ॲप घेतले की त्याचे चिन्ह आपोआप होम स्क्रीनवर येऊन बसते. आयफोनवर होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये नवी ॲप्स केवळ ॲप लायब्ररीत ठेवण्याचा पर्याय आहे, आणि अँड्रॉइडवर होम स्क्रीनवर बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या सेटिंग्जमध्ये चिन्हे आपोआप जोडणे बंद करता येते. हे केले नाही तर आजची मांडणी काही आठवड्यांत पुन्हा विस्कटते.

एकदा बसवलेल्या चिन्हांच्या जागा वारंवार बदलू नका. बोटाला जागेची सवय होते, आणि ती सवय हाच या मांडणीचा मोठा लाभ आहे. अँड्रॉइडवर नोव्हा किंवा नायगारा यांसारखा वेगळा लाँचर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारे ॲप, घेण्याचा मोह होईल. तो घ्यायचा तर मांडणी करण्यापूर्वीच घ्यावा, कारण लाँचर बदलला की मांडणी बहुधा नव्याने करावी लागते.

५. फोल्डरांना कामांची नावे द्या

दुसऱ्या स्क्रीनवर तीन-चार फोल्डर पुरेत. फोन स्वतः सुचवतो ती ‘मनोरंजन’, ‘उपयुक्तता’ अशी नावे फार ढोबळ असतात. ‘उपयुक्तता’ या फोल्डरात काय नाही हे सांगणे कठीण. त्याऐवजी ‘प्रवास’, ‘घरखर्च’, ‘शिकणे’, ‘कागदपत्रे’ अशी प्रसंगाची नावे द्या. ‘प्रवास’ उघडले की तिकिटाचे ॲप, नकाशा, हवामान आणि भाषांतराचे ॲप एकत्र मिळाले पाहिजे, मग स्टोअरमध्ये त्यांचे वर्ग वेगवेगळे का असेनात. आयफोनवर फोल्डरच्या एका पानावर नऊ चिन्हे दिसतात. फोल्डर तेवढ्यातच राहील असे पाहा, कारण दुसऱ्या पानावर गेलेले ॲप नजरेआड होते.

बाकी सर्व ॲप्स पूर्ण यादीत राहू द्या आणि ती नाव लिहून उघडण्याची सवय लावा. आयफोनवर होम स्क्रीनच्या मध्यावरून बोट खाली ओढले की शोधचौकट येते. अँड्रॉइडवर ती ॲप्सच्या यादीच्या वरच असते.

६. विजेट मोजकेच

विजेट म्हणजे ॲपमधली माहिती होम स्क्रीनवरच दाखवणारी चौकट. ॲप न उघडता माहिती वाचता येते, हा तिचा उपयोग. पुढची भेट आणि आजची कामे दाखवणारे विजेट पहिल्या स्क्रीनवर असावे. बातम्यांचे विजेट नसावे, कारण ते वाचण्यासाठी आत जावेच लागते.

७. नोटिफिकेशन: येथे सर्वांत जास्त वेळ द्या

चिन्हे कितीही नीट लावली तरी नोटिफिकेशन मोकाट असतील तर मांडणीचा काही उपयोग होत नाही, कारण तेव्हा कोणते ॲप केव्हा उघडायचे हे तुम्ही ठरवत नसता. प्रत्येक ॲपविषयी एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट मला दोन तासांनी कळली तर काही बिघडेल का? बिघडणार असेल तर आवाजासह लगेच. बिघडणार नसेल पण दिवसाअखेर कळायला हवी असेल तर आवाजाविना. कळली नाही तरी चालणार असेल तर पूर्ण बंद.

सर्वसाधारणपणे पहिल्या गटात फोन, जवळच्या माणसांचे संदेश, कॅलेंडर, गजर, बँकेचे व्यवहार-संदेश आणि लॉगिनचे कोड एवढेच येते. दुसऱ्या गटात ईमेल आणि गटांतल्या गप्पा. खरेदी, खेळ, बातम्या आणि समाजमाध्यमे यांपैकी बरीचशी तिसऱ्यात जातात.

अनेक जण एका ॲपच्या सर्व नोटिफिकेशन चालू किंवा सर्व बंद एवढाच विचार करतात. अँड्रॉइडवर २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार स्वतंत्रपणे बंद करता येतात. पार्सल पोहोचल्याचा निरोप चालू ठेवून त्याच ॲपच्या सवलतींच्या जाहिराती थांबवणे त्यामुळे शक्य होते, अर्थात ॲपने ते प्रकार प्रामाणिकपणे वेगळे केले असतील तर. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १५ पासून दुसऱ्या गटातल्या नोटिफिकेशन ठरावीक वेळी एकत्र मिळण्याची सोय आहे. दुपारची आणि संध्याकाळची अशा दोन वेळा ठेवल्या की पुष्कळ शांतता लाभते. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून नवे ॲप नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी विचारते. तेव्हा नकार द्या; गरज पडली तर नंतर चालू करता येते.

चिन्हावरचा लाल आकडा हा वेगळा विषय आहे. नोटिफिकेशनचा आवाज बंद केला तरी आकडा उरतो आणि तोही तितकाच ओढतो. संदेश आणि फोन सोडून इतर सर्व आकडे बंद करावेत.

आता एक सापळा. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीवर चालणारी ॲप्स थांबवतात, आणि मग कामाची आठवण उशिरा येते किंवा येतच नाही. कॅलेंडर, कामांची यादी, गजर आणि संदेश यांच्या बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्यांच्यावरचे निर्बंध काढा. मग पाच मिनिटांनंतरची एक आठवण लावा, फोन कुलूपबंद करून बाजूला ठेवा आणि ती वेळेवर येते का पाहा. ही चाचणी केल्याशिवाय कोणत्याही महत्त्वाच्या कामासाठी त्या ॲपवर विसंबू नये. अकराव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्ये नोटिफिकेशनचा इतिहासही ठेवता येतो. तो चालू करून ठेवला की चुकून सरकवलेली नोंद पुन्हा पाहता येते.

८. दिवसाच्या भागांप्रमाणे फोन बदलू द्या

पहिल्या पायरीत कामांपुढे लिहिलेल्या वेळा आता पाहा. सकाळ, कामाची वेळ आणि झोपेआधीचा काळ असे तीन भाग बहुतेकांना पुरतात. आयफोनच्या फोकसमध्ये प्रत्येक भागासाठी कोणाचे फोन यावेत, कोणत्या ॲपला बोलू द्यावे आणि कोणती होम स्क्रीन दिसावी हे ठरवता येते. कामाच्या वेळेत केवळ कामाचे पान दिसणे हा अनुभव एकदा घेऊन पाहाच. अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगमधल्या फोकस मोडमध्ये निवडलेली ॲप्स त्या वेळेपुरती थांबतात, आणि झोपेच्या मोडमध्ये स्क्रीन कृष्णधवल करता येते.

येथे एक काळजी घ्या. व्यत्यय बंद ठेवताना तातडीच्या फोनची वाट खुली ठेवा. घरच्या माणसांना अपवादांच्या यादीत घाला आणि पुन्हा आलेला फोन वाजू देण्याचा पर्याय चालू करा. आयफोनवर तीन मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत त्याच व्यक्तीचा दुसरा फोन आला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर गजरांना मुभा आहे ना, तेही तपासा.

९. परवानग्या एकदा वाचून काढा

सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात परवानगीनुसार ॲप्सची यादी मिळते. आधी ठिकाण, मग मायक्रोफोन, मग कॅमेरा, संपर्क आणि फोटो, या क्रमाने पाहा. ठिकाणाची परवानगी नकाशासाठीही ‘ॲप वापरत असतानाच’ एवढी पुरते, आणि हवामानासारख्या ॲपला अचूक जागेऐवजी अंदाजे जागा दिली तरी चालते. फोटोंच्या बाबतीत संपूर्ण संग्रह न देता निवडक फोटो देता येतात. ही सोय आयफोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर चौदाव्या आवृत्तीपासून आहे.

अँड्रॉइडवर ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही परवानगी सर्वांत जपून द्यावी. ती मिळालेले ॲप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबू शकते. अंध किंवा दिव्यांग व्यक्तींना साहाय्य करणाऱ्या ॲप्ससाठी आणि काही पासवर्ड ॲप्ससाठी तिची खरी गरज असते. एखादा खेळ किंवा फोटो सजवणारे ॲप ती मागत असेल तर ते त्याच क्षणी काढून टाका. संदेशातून आलेल्या दुव्यावरून स्टोअरबाहेरचे ॲप घेणे तर कटाक्षाने टाळा.

१०. बॅकअप घ्या आणि तो उघडतो का पाहा

गूगल खात्यात १५ जीबी जागा विनामूल्य मिळते आणि ती ड्राइव्ह, जीमेल व फोटो मिळून असते. आयक्लाउडवर ५ जीबी मिळते. ही जागा भरली की बॅकअप थांबतो आणि त्याकडे सहज दुर्लक्ष होते. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो. म्हणून शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते दरमहा पाहावे.

मुख्य ईमेल आणि पासवर्ड ॲप यांचे आपत्कालीन कोड कागदावर लिहून घरात सुरक्षित जागी ठेवा. ते फोनमध्येच ठेवले तर फोन हरवल्यावर त्यांचा काहीच उपयोग नाही. टिपणे, पॉडकास्टची यादी आणि कोडच्या ॲपची कुलूपबंद फाईल अधूनमधून संगणकावर उतरवून घ्या, आणि निदान एकदा ती फाईल दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहा.

११. नवे ॲप आले की

स्टोअरमध्ये ॲपच्या पानावर ते कोणती माहिती गोळा करते याचा विभाग असतो; घेण्यापूर्वी तो वाचा. घेतल्यावर ते पूर्ण यादीतच राहू द्या, नोटिफिकेशन आणि ठिकाण दोन्ही नाकारा, आणि कागदावर ते कोणत्या कामासाठी घेतले ते लिहा. महिन्याभरात त्या कामासाठी ते नाव लिहून वारंवार उघडावे लागले, तर त्याला योग्य फोल्डरात किंवा पहिल्या स्क्रीनवर जागा द्या आणि त्या कामाचे जुने ॲप दुसऱ्या पायरीप्रमाणे काढा. कॅलेंडरमध्ये दर महिन्याला अर्ध्या तासाची एक नोंद यासाठी राखून ठेवा: वापराची यादी पाहणे, वर्गण्या पाहणे, बॅकअपची तारीख पाहणे आणि बदललेल्या मांडणीचा नवा स्क्रीनशॉट काढून ठेवणे, एवढे त्यात होते.